जुन्या गोदामात समकालीन कलेचं प्रदर्शन कसं उभं करावं

छोट्या शहरात एखादं जुनं गोदाम रिकामं पडलं की तिथे कलाप्रदर्शन भरवण्याचा विचार कुणाच्या तरी मनात येतोच. जागा ऐसपैस, छत उंच, मधे खांब कमी आणि ट्रक थेट दाराला लागतो. नेहमीच्या दालनात कधीच मावणार नाहीत अशा कलाकृती इथे मावतात. मात्र अशा प्रदर्शनांची तयारी बहुधा भलत्याच टोकाकडून सुरू होते. आधी कलाकारांची यादी ठरते, मग उद्घाटनाची तारीख छापली जाते आणि गोदामाची किल्ली सगळ्यात शेवटी हातात येते. तोवर बदलता येईल असं फारसं काही उरलेलं नसतं.

गोदामात काय मांडता येईल हे इमारत ठरवते. उजेड, ओल, आवाज, जमिनीची ताकद, दाराची रुंदी या सगळ्यांवर तिचा शब्द शेवटचा असतो. म्हणून आयोजकांनी पहिला आणि सर्वांत जास्त वेळ तिला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. ज्या लहान गावांनी आपल्या जुन्या औद्योगिक इमारती कलेसाठी नावारूपाला आणल्या, तिथेही हेच दिसतं. टेक्सासमधल्या मार्फा या चिमुकल्या गावात शिल्पकार डोनाल्ड जड यांनी लष्कराच्या तोफखान्याच्या दोन शेडमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या १०० पेट्या मांडल्या (१९८२ ते १९८६). बाहेरचं माप सगळ्यांचं एकच, आतली रचना प्रत्येकीची निराळी. शेडची गॅरेजवजा दारं काढून त्यांनी तिथे मोठ्या चौकोनी खिडक्या बसवल्या आणि सपाट छतावर कमानदार छत चढवलं. त्यामुळे त्या पेट्या सकाळी एक दिसतात आणि संध्याकाळी दुसऱ्याच. न्यूयॉर्क राज्यातल्या बीकनमध्ये नाबिस्को कंपनीचा १९२९ सालचा खोकी छापण्याचा कारखाना २००३ मध्ये डिया या कलासंस्थेचं संग्रहालय झाला. त्याच्या छतातले उत्तरेकडे तोंड असलेले झरोके आजही तिथला मुख्य उजेड पुरवतात. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अ‍ॅडम्समध्ये आधी कापडछपाईचा आणि नंतर विजेच्या उपकरणांचे सुटे भाग बनवणारा कारखाना १९९९ मध्ये ‘मास मोका’ हे समकालीन कलेचं संग्रहालय म्हणून उघडला. तिथल्या एका इमारतीचे तिन्ही मजले २००८ पासून चित्रकार सोल लेविट यांच्या भिंतीचित्रांना दिलेले आहेत. या तिन्ही ठिकाणी करोडोंचा निधी होता, तुमच्याकडे नसेल. पण इमारतीकडे नीट पाहायला निधी लागत नाही.

पहिला टप्पा : इमारत वाचा

किल्ली मिळाली की हातात कागद, मोजपट्टी आणि टॉर्च घेऊन जा आणि एकाच भेटीत समाधान मानू नका. सकाळी जा, भर दुपारी जा, दिवस मावळताना जा. जमिनीचा एक साधा नकाशा काढा आणि कोवळं ऊन, कडक ऊन कुठे पडतं ते दर तासाला त्यावर खुणेने दाखवा. हा कागद पुढे दहा वेळा कामाला येतो. ज्या कोपऱ्यात दुपारी तीन वाजता उन्हाचा पट्टा येतो, तिथे जलरंग किंवा कापड लावायचं नाही, हे तो आधीच सांगून ठेवतो.

जोराचा पाऊस असताना एकदा तरी आत उभे राहा. छत गळतं का, पन्हाळी भरून वाहतात का, दाराखालून पाणी येतं का, हे कोरड्या दिवशी कुणीही विचारलं तर मालक ‘नाही’ म्हणतो. जमिनीतून ओल वर येते का ते तपासायची जुनी आणि खात्रीची पद्धत आहे: सुमारे अर्धा मीटर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन काळपट पडली असेल तर ओल खालून येते आहे. अशा जमिनीवर कागद, लाकूड, कापड थेट टेकवू नका. हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं नोंदयंत्र मिळत असेल तर ते काही आठवडे आत ठेवून द्या. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचा धोका सुरू होतो. त्याहूनही घातक असतात ते दिवसभरातले मोठे चढउतार. लाकडी चौकट फुगते, आकसते आणि तिच्यावरचा रंग तडकतो.

मग मापं घ्या. सर्वांत मोठ्या दाराची मोकळी रुंदी आणि उंची. शटर असेल तर ते पूर्ण वर गेल्यावर खरोखर किती जागा उरते ती. दारातून आत आल्यावर लांब खोकं वळवायला किती जागा आहे तीही. छताच्या कैच्यांना, म्हणजे छत पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्यांना, काही टांगायचा विचार असेल तर स्थापत्य अभियंत्याकडून लेखी अभिप्राय घ्या. कैची पत्र्याचं वजन आणि वारा पेलण्यासाठी बांधलेली असते, एका ठिकाणी लोंबकळणाऱ्या दोनशे किलोंसाठी नव्हे.

जमिनीचंही तसंच आहे. तळमजल्याचा काँक्रीटचा कोबा सहसा भक्कम असतो, पण वरच्या लाकडी मजल्यांवर भरवसा ठेवू नये. समजा, ८०० किलोचं शिल्प चार पायांवर उभं आहे आणि प्रत्येक पाय १० बाय १० सेंटीमीटरचा आहे. मग प्रत्येक पायाखालच्या तेवढ्याशा जागेवर २०० किलो येतात. चौरस मीटरच्या हिशेबात हा भार २० टन होतो. त्याच पायाखाली ५० बाय ५० सेंटीमीटरची जाड पोलादी प्लेट ठेवली की भार चौरस मीटरला ८०० किलोवर येतो. इतक्या साध्या उपायाने फरशी फुटायची वाचते.

एक धोका मात्र नजरेला दिसत नाही. जुन्या गोदामांवर राखाडी रंगाचे नागमोडी सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. त्यांना भोक पाडू नका, घासू नका, तुटलेला तुकडा झाडूने ओढू नका. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि आजार अनेक वर्षांनी उभा राहतो. तपासणी आणि हाताळणी प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्या. गोदामात पूर्वी खतं, कीटकनाशकं, रसायनं साठवत होते का, हेही विचारा. भिंतीत आणि जमिनीत ती मुरलेली असू शकतात.

इथे काय साठवलं जायचं?

हा प्रश्न मी वेगळा काढला, कारण प्रदर्शनाचा विषय अनेकदा इथेच सापडतो. गोदाम म्हणजे कुणाचा तरी माल, कुणाचे तरी कष्ट आणि कुणाचा तरी नफा. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात १८२४ मध्ये वसाहतींतून येणारा माल ठेवायला बांधलेल्या कोठारात आज समकालीन कलेचं संग्रहालय आहे. तिथल्या दगडी कमानींखाली उभं राहून काहीही मांडलं तरी तो इतिहास शेजारी असतोच. २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या डोमिनो साखर कारखान्याची शेड पाडण्याआधी कलाकार कॅरा वॉकर यांनी तिच्यात साखरेने मढवलेली प्रचंड, स्फिंक्ससारखी स्त्रीमूर्ती उभी केली. वर्षानुवर्षांच्या काकवीने माखलेल्या त्या भिंतींमध्ये साखरेमागच्या गुलामगिरीची गोष्ट सांगायला वेगळ्या फलकाची गरज उरली नाही.

तुमच्या गोदामात कापूस असेल, धान्य असेल, मीठ असेल, सुटे भाग असतील. जुनी वजनपुस्तकं, भिंतीवरचे खडूचे आकडे, खांबांवर रंगवलेले क्रमांक यांचे फोटो काढून ठेवा आणि रंगारी येण्यापूर्वी त्यांना संरक्षण द्या. रंगाचा एक हात फिरला की ते कायमचे जातात. तिथे पूर्वी काम केलेली माणसं छोट्या शहरात सहज भेटतात. त्यांच्याशी बोला, त्यांची परवानगी असेल तर बोलणं ध्वनिमुद्रित करा. एखाद्या कलाकाराला नवं काम करायला बोलवत असाल तर त्याला सर्वांत आधी या माणसांशी भेटवा. मात्र प्रत्येक कलाकृती इमारतीच्या इतिहासाबद्दलच असली पाहिजे, असा आग्रह धरू नका. त्याने प्रदर्शन शालेय प्रकल्पासारखं होतं.

परवानग्या आणि जीव वाचवणाऱ्या गोष्टी

माल साठवण्याची जागा आणि लोक जमण्याची जागा यांचे नियम जवळपास सगळीकडे वेगवेगळे असतात. म्हणून वापर बदलण्याची परवानगी, अग्निशमन विभागाची तपासणी आणि तात्पुरत्या वीजजोडणीची मंजुरी यांसाठी अर्ज कलाकारांना पत्रं पाठवण्याच्या आधी करा. कागद उशिरा मिळाला तर उद्घाटन पुढे ढकला, पण कागदाशिवाय दार उघडू नका.

बाहेर पडायला किमान दोन रस्ते हवेत आणि ते एकमेकांपासून लांब हवेत. गुंडाळून वर जाणारं शटर हा सुटकेचा रस्ता धरू नये. वीज गेली किंवा ते अडकलं तर गर्दी आत कोंडली जाते. बाहेर पडायची दारं बाहेरच्या बाजूला उघडावीत, त्यांच्यासमोर शिल्पही नको आणि खोकीही नकोत. बाहेर जाण्याची पाटी वीज गेल्यावरही दिसली पाहिजे. व्हिडिओसाठी अंधार केला म्हणून ती झाकणारे आयोजक असतात. हे कधीही करू नका, कलाकाराने कितीही आग्रह केला तरी.

आणखी एक गोष्ट गोदामातच येते: मालाचा धक्का, म्हणजे ट्रकमधून माल उतरवायचा चौथरा. ट्रकच्या उंचीशी जुळावा म्हणून तो जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंच असतो आणि अनेकदा तेच मुख्य दार असतं. चाकाच्या खुर्चीसाठी १ ला १२ असा उतार धरला तर १.२ मीटर चढायला १४.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, शिवाय मधे विसाव्याची सपाट जागा. हा रॅम्प आराखड्यात पहिल्या दिवशीच काढला नाही तर नंतर त्याला जागाच उरत नाही आणि मग खुर्चीवरच्या माणसाला मागच्या दारातून आत घ्यावं लागतं. आत वाट किमान ९० सेंटीमीटर रुंद आणि खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा ठेवा.

कलाकृती कमी निवडा

आता कुठे कलाकारांची यादी. मोठी जागा पाहून घाबरून ती भरून काढायची ओढ लागते. तीस कलाकारांची दोन-दोन कामं लावली की गोदाम पुन्हा गोदामच दिसायला लागतं. आठ कलाकार, मोजकी कामं आणि त्यांच्यामध्ये चालायला पुरेसं अंतर असेल तर बघणारा एका कामातून बाहेर पडून दुसऱ्याकडे मोकळ्या मनाने जातो. ही मोकळीक शहरातल्या छोट्या दालनांना परवडत नाही, तुम्हाला परवडते. तीच तुमची खरी श्रीमंती आहे, ती उधळू नका.

निवडताना पहिल्या टप्प्यातला नकाशा शेजारी ठेवा. दगड, धातू, काच, माती, काँक्रीट यांना उजेड आणि आर्द्रता बऱ्यापैकी सोसते, लोखंडाला गंजाचा अपवाद. कागदावरची चित्रं, छायाचित्रं, कापड, पिसं, चामडं यांना सोसत नाही. अशी कामं हवीच असतील तर गोदामाच्या आत एक बंदिस्त खोली उभारा आणि फक्त तिच्यातलं हवामान सांभाळा. अख्खं गोदाम थंड किंवा कोरडं ठेवण्याचा प्रयत्न पैसे खातो आणि यशस्वीही होत नाही.

मध्यम आकाराची चौकटीतली चित्रं सात मीटर उंच विटांच्या भिंतीवर हरवतात. ती चित्रं वाईट नसतात, भिंत त्यांची नसते. त्यांच्यासाठी वेगळ्या, बुटक्या भिंती करा किंवा ती घेऊच नका.

आराखडा आणि तात्पुरत्या भिंती

१ ला ५० या प्रमाणात पुठ्ठ्याची प्रतिकृती बनवा. संगणकावरचा आराखडा चांगलाच, पण टेबलावरच्या प्रतिकृतीभोवती चार जण उभे राहून भिंत इकडून तिकडे सरकवतात तेव्हा भांडणं लवकर मिटतात. त्यानंतर गोदामात जमिनीवर चिकटपट्टीने खऱ्या मापाच्या रेषा मारा आणि त्यांच्यामधून चाला. आत शिरल्यावर पहिलं काय दिसतं? लांबवर काय दिसतं? कुठे थबकायला होतं? या उत्तरांवरून दोन-तीन भिंती नक्कीच रद्द होतील.

ज्या भिंती उरतात त्या भक्कम करा. लाकडी किंवा पत्र्याच्या सांगाड्यावर १२ मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर जिप्सम बोर्ड, म्हणजे स्क्रू कुठेही मारला तरी धरतो. नुसत्या जिप्समवर जड चित्र टांगणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. भिंत जमिनीला ठोकता येत नसेल तर ती पोकळ आणि किमान ३० सेंटीमीटर जाड करा आणि तळाशी वाळूच्या पिशव्या भरा. वरचं टोक छताला भिडवायचा अट्टाहास नको. भिंतीच्या वरून कैच्या आणि जुनं छत दिसत राहू द्या. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांनी एका जुन्या गोदामाचं तात्पुरतं संग्रहालय केलं तेव्हा पोलादी कैच्या उघड्याच ठेवल्या. मुख्य इमारत तयार झाल्यावरही ते ‘तात्पुरतं’ दालन बंद झालं नाही, अजून वापरात आहे. जुन्या विटांना सरसकट पांढरा रंग फासून गोदामाला महागड्या गॅलरीसारखं दाखवण्याची धडपड मला पटत नाही. पांढरं जिथे लागेल तिथेच करा.

उजेड

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून.

उजेड लक्समध्ये मोजतात आणि लक्समीटर हे स्वस्तातलं, पण अत्यंत उपयोगी साधन आहे. कागद, जलरंग, कापड आणि बहुतेक छायाचित्रांसाठी ५० लक्स, तैलरंग आणि अ‍ॅक्रिलिकसाठी सुमारे २०० लक्स, ही संग्रहालयांमध्ये रुळलेली मर्यादा आहे. भर दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं. म्हणजे झरोक्यातून उन्हाचा पट्टा एखाद्या जलरंगावर एक तास पडला, तर ५० लक्सखालच्या २,००० तासांचा उजेड त्याने तासाभरात खाल्ला. उडालेला रंग कुणालाही परत आणता येत नाही. नुकसान उजेडाची तीव्रता आणि तास यांच्या गुणाकारावर ठरतं. म्हणून प्रदर्शन बंद असताना दिवे बंद, पडदे ओढलेले आणि नाजूक कामांवर कापड, एवढी शिस्त पुरते.

झरोके बुजवून टाकू नका. उत्तर गोलार्धात उत्तरेकडचा उजेड दिवसभर सौम्य आणि जवळपास एकसारखा असतो, तो सोन्यासारखा वापरा. दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडक्यांना अतिनील किरणं अडवणारी फिल्म आणि पातळ पांढरं कापड लावा. मग दगड, धातू, मोठी मांडणशिल्पं दिवसाच्या उजेडात ठेवा आणि नाजूक कामं आतल्या खोलीत.

दिवे एलईडीचे घ्या. रंग खरे दिसण्याचा निर्देशांक ९० किंवा त्याहून जास्त आणि रंग-तापमान (उजेड किती पिवळसर किंवा निळसर आहे त्याचं माप) ३,००० ते ४,००० केल्विन असावं. एका भिंतीवर दोन वेगळ्या रंग-तापमानांचे दिवे चुकूनही लावू नका, शेजारची दोन चित्रं आजारी आणि निरोगी अशी दिसतात. स्पॉटलाइट चित्राच्या पृष्ठभागाशी साधारण ३० अंशांत पडावा, म्हणजे बघणाऱ्याची सावली चित्रावर पडत नाही आणि काचेत दिवा चमकत नाही. गोदामात छत उंच असल्याने दिवे थेट वर लावले तर उजेड खाली येईपर्यंत पसरतो. त्यासाठी चार-साडेचार मीटरवर एक आडवा पाइप किंवा ट्रॅक टांगा. सगळा उजेड संध्याकाळीच जुळवा, आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तपासा.

विजेचं गणित वायरमनसोबत कागदावर करा. चाळीस १५ वॅटचे दिवे म्हणजे ६०० वॅट, चार ४०० वॅटचे प्रोजेक्टर म्हणजे १,६०० वॅट. दिवे एका सर्किटवर आणि प्रोजेक्टर दुसऱ्यावर, म्हणजे एक बंद पडलं तरी लोक अंधारात सापडत नाहीत. अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा स्विच यांत तडजोड नाही.

व्हिडिओ आणि आवाज

प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. प्रतिमेच्या रुंदीला त्याने गुणलं की अंतर मिळतं: रेशो १.५ आणि प्रतिमा ४ मीटर रुंद, तर प्रोजेक्टर ६ मीटरवर. उजेडाचा अंदाजही सोपा आहे. ४ बाय २.२५ मीटरची प्रतिमा म्हणजे ९ चौरस मीटर, ४,५०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप) प्रोजेक्टर तिच्यावर ५०० लक्स देतो. त्याच पडद्यावर बाहेरून येणारा २५० लक्स उजेड पडत असेल तर काळा रंग राखाडी होतो आणि चित्रफीत मेली. म्हणून व्हिडिओ कुठे दाखवायचा हे उन्हाच्या नकाशावरूनच ठरतं.

आवाजाकडे मात्र उद्घाटनाच्या दिवसापर्यंत कुणी लक्ष देत नाही. काँक्रीट, विटा आणि पत्रा, तिन्ही आवाज परत फेकतात. ३० बाय १५ बाय ७ मीटरच्या गोदामाचं घनफळ ३,१५० घनमीटर. सॅबिनच्या सूत्राप्रमाणे (०.१६१ गुणिले घनफळ, भागिले आवाज शोषणारं क्षेत्र) शोषण १३० चौरस मीटर असेल तर नाद विरायला जवळजवळ ३.९ सेकंद लागतात. बोललेलं वाक्य त्यात विरघळून जातं. साठ टक्के आवाज शोषणारं १०० चौरस मीटर जाड नमदा किंवा पडदे लावले की हाच काळ २.७ सेकंदांच्या आसपास येतो. तरीही बोलण्यावर आधारलेल्या चित्रफितीला इयरफोन किंवा बंद खोली द्या, आणि आवाज असलेली दोन कामं शेजारी ठेवू नका. ती एकमेकांना मारतात आणि दोन्ही कलाकार तुमच्यावर नाराज होतात, योग्य कारणाने.

करार, वाहतूक, स्थिती-नोंद

प्रत्येक कलाकृतीसाठी लेखी करार करा: कोण आणतं, कोण परत पाठवतं, तुटलं तर काय, फोटो कुठे वापरायचे, कलाकाराचं मानधन किती आणि कधी. मानधन द्याच. ‘प्रसिद्धी मिळेल’ हे मानधन होत नाही. विमा कलाकृती कलाकाराच्या भिंतीवरून उतरल्यापासून तिथेच परत लागेपर्यंतचा असावा, नुसता गोदामातल्या दिवसांचा नव्हे. बहुतेक नुकसान वाटेत आणि हाताळताना होतं.

खोकी आली की लगेच उघडू नका. बाहेरच्या आणि आतल्या हवेत फरक असेल तर ती बंदच २४ तास आत राहू द्या. मग उघडताना दोन माणसं, एक जण हात लावणारा आणि एक जण लिहिणारा. आधीचे ओरखडे, कोपऱ्यांवरचे ठोके, सैल झालेले सांधे सगळं फोटोसह स्थिती-नोंदीत लिहा आणि तारीख घाला. हा कंटाळवाणा वाटणारा कागद परतीच्या दिवशी मैत्री वाचवतो. रिकाम्या खोक्यांवर कलाकृतीचा क्रमांक लिहा आणि ती कोरड्या जागी रचा.

टांगणी

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५५ सेंटीमीटरवर ठेवा आणि जो आकडा ठरेल तो सगळीकडे तोच. हुक कुठे मारायचा? मध्याची उंची, अधिक चित्राची अर्धी उंची, वजा ताणलेली तार चित्राच्या वरच्या कडेपासून जितकी खाली आहे तितकं. चित्र ९० सेंटीमीटर उंच, तार ८ सेंटीमीटर खाली, मध्य १५०: १५० अधिक ४५ वजा ८, म्हणजे १८७. गोदामाची जमीन बहुधा पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते, त्यामुळे प्रत्येक चित्रासाठी जमिनीपासून मोजलं तर रांग तिरकी होते. लेझर पातळीयंत्राने एक आडवी रेषा मारा आणि सगळी मापं तिच्यापासून घ्या.

भिंत उंच आहे म्हणून चित्रं वर चढवू नका. वरची रिकामी भिंत रिकामीच शोभते.

भिंतीवरचा मजकूर

कलाकाराचं नाव, कृतीचं नाव, वर्ष, माध्यम, माप. त्याखाली साठ ते ऐंशी शब्द, त्याहून जास्त नको. अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको आणि पाटी अंधाऱ्या कोपऱ्यात नको. मजकूर असा लिहा की पहिल्यांदाच प्रदर्शन पाहणाऱ्याला त्यात नजरेने शोधण्यासारखं काही मिळेल: हे कशाचं बनलं आहे, कसं बनलं, कलाकाराला कुठल्या गोष्टीने छळलं. ‘अवकाशाशी संवाद’ किंवा ‘अस्मितेचा शोध’ यांसारखी वाक्यं कुठल्याही कलाकृतीखाली चिकटवता येतात, म्हणून ती काढून टाका. मसुदा कलेशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे अडखळेल तिथे दोष लिहिणाऱ्याचा.

दालनातली माणसं

छोट्या शहरात येणाऱ्या अनेकांचं हे आयुष्यातलं पहिलं समकालीन प्रदर्शन असतं. त्यांना दारात काय अनुभव येतो यावर ते पुन्हा येतील की नाही हे ठरतं. म्हणून दालनात उभ्या राहणाऱ्या तरुण मुलामुलींच्या प्रशिक्षणासाठी पुरेसा वेळ ठेवा आणि त्यांना नीट मोबदला द्या. कलाकारांनी स्वतः त्यांना आपलं काम दाखवावं. ‘हात लावू नका’ हे ओरडून न सांगता कामाबद्दल चार वाक्यं बोलत बोलत कसं सांगायचं, ‘यात काय विशेष, हे मीही केलं असतं’ असं कुणी म्हणालं तर न चिडता ‘तुम्ही कसं केलं असतं?’ असं कसं विचारायचं, याचा सराव करून घ्या. हा प्रश्न मनापासून विचारला तर त्यातून प्रदर्शनातल्या सर्वांत चांगल्या गप्पा होतात. जिथे स्पर्श चालतो ती कामं स्पष्ट पाटीने सांगा.

पाहुण्यांच्या उद्घाटनाआधी एक संध्याकाळ त्या गोदामात राबलेल्या माणसांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि सुतार, रंगारी, वायरमन, हमाल यांच्या कुटुंबांसाठी राखून ठेवा. बसायला बाक ठेवा, पुष्कळ. वयस्कर माणूस दर वीस मीटरवर बसू शकला तर तो शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचतो. शाळांच्या भेटी सकाळी घ्या, एका वेळी एकच वर्ग.

प्रदर्शन चालू असताना रोज दार उघडण्यापूर्वी एक फेरी मारा: दिवे, प्रोजेक्टर, आर्द्रतेचे आकडे, सैल झालेले हुक, पक्ष्यांची विष्ठा, वाळवीची माती. नोंदवहीत दोन ओळी लिहा. धूळ कोरड्या झाडूने उडवू नका. गोदामात ती तासभर तरंगते आणि सगळ्या कलाकृतींवर जाऊन बसते. व्हॅक्यूम किंवा ओलसर पोछा वापरा.

उतरवणं

उतरवायला उभारणीच्या निम्मा वेळ तरी राखून ठेवा, आणि ते काम समारोपाच्या रात्री थकलेल्या माणसांकडून करून घेऊ नका. स्थिती-नोंद काढा, तेच दोन जण, तोच क्रम, नवे फोटो. जुन्या नोंदीत नसलेला ओरखडा दिसला तर त्याच दिवशी कलाकाराला कळवा आणि मगच विमा कंपनीला. नाजूक कामं आधी बांधा, जड कामं शेवटी, आणि एका ट्रकमध्ये एकाच दिशेला जाणारी खोकी भरा. तात्पुरत्या भिंतींचा प्लाय स्क्रू काढून सुटा करा, खिळे उपटून मापाप्रमाणे रचा. शहरातल्या शाळेला, नाट्यसंस्थेला किंवा पुढच्या प्रदर्शनाला तो चालतो. कोब्यावरची चिकटपट्टी उन्हाळ्यात वितळून बसण्याआधी खरवडा. मालकाला गोदाम परत देताना त्याच्यासोबत फेरी मारा आणि पहिल्या भेटीतला नकाशा, ओलीच्या आणि आर्द्रतेच्या नोंदी, कैच्यांबद्दलचा अभियंत्याचा कागद यांची एक प्रत त्याच्या हातात ठेवा, दुसरी शहराच्या वाचनालयात. पुढच्या वेळी जो कुणी इथे काही मांडायला येईल, त्याला हे सगळं पुन्हा मोजायला लागू नये.